अदृश्य दुखण्याचें मोजमाप

घरांत मूल तापलें कीं आई प्रथम त्याच्या कपाळाला हात लावते आणि मग तापमापक शोधते. तापमापकावरचा आंकडा आईनें वाचला काय किंवा शेजारणीनें वाचला काय, तो एकच असतो. रक्तांतील साखर, नाडीचे ठोके, हाडाची भेग या साऱ्यांना आज मोजण्याचें अथवा पाहण्याचें कांहीं ना कांहीं साधन आहे. परंतु ज्या दुखण्यानें ऐन उमेदीच्या वयांत माणूस आपल्या माणसांना पारखा होतो, त्या छिन्नमनस्कतेसाठीं, म्हणजेच स्किझोफ्रेनियासाठीं, असें एकही साधन अद्याप सांपडलेलें नाहीं. रक्ताच्या तपासणींत हा आजार दिसत नाहीं. मेंदूच्या चित्रावरून एखाद्या रोग्यापुरतें त्याचें निदान करतां येत नाहीं. रोगी काय बोलतो, कसा बोलतो, कसा वागतो आणि घरचीं माणसें काय सांगतात, एवढीच सामग्री डॉक्टरांच्या हातीं असते.

मग एखादें नवें औषध निघालें तर त्यानें गुण आला कीं नाहीं, हें ठरवावयाचें कसें? "थोडें बरें आहे" या शब्दांचें वजन कोणत्या तागडींत करावयाचें? हा प्रश्न वरवर पाहतां हिशेबाचा वाटतो. पण कोणाला कोणतें औषध मिळावें, कोणाच्या कपाळीं कोणत्या रोगाचें नांव लिहिलें जावें, हें त्याच्या उत्तरावर अवलंबून असतें. गेल्या सव्वाशें वर्षांत या उत्तराचा शोध कसा लागत गेला आणि त्यांत अजून काय उणें आहे, हें पाहण्यासारखें आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपांतील वेड्यांचीं इस्पितळें माणसांनीं भरून गेलीं होतीं. मात्र वेड म्हणजे नेमकें काय आणि त्याचे प्रकार किती, याविषयीं जितके अध्यापक तितकीं मतें होतीं. या गोंधळांत पहिली शिस्त आणली ती एमिल क्रेपेलिन (१८५६–१९२६) या जर्मन वैद्यांनीं. लाइप्झिग येथें व्हिल्हेल्म वुंट या प्रयोगनिष्ठ मानसशास्त्रज्ञापाशीं त्यांचें शिक्षण झालें होतें. १८८६ सालीं ते आजच्या एस्टोनियांत असलेल्या दोर्पात येथील विद्यापीठांत अध्यापक झाले. तेथील पुष्कळ रोग्यांची भाषा त्यांना येत नसे. दुभाष्याच्या तोंडून बोलणें चाले. पुढें १८९१ सालीं ते हायडेलबर्ग येथें गेले आणि तेथें त्यांनीं प्रत्येक रोग्याच्या नांवानें एक कार्ड ठेवण्याचा परिपाठ पाडला. रोगी आला तेव्हांची स्थिति, मधला काळ आणि अखेर या साऱ्यांची नोंद त्या कार्डावर होई. आज रोगी काय बडबडतो एवढ्यावर न थांबतां, वर्षा-दोन वर्षांनीं, दहा वर्षांनीं त्याचें काय झालें, हें ते पाहत.

या कार्डांच्या ढिगांतून त्यांना दोन वाटा वेगळ्या दिसूं लागल्या. कांहीं रोगी उन्मादांत अथवा खिन्नतेंत बुडत आणि पुन्हां पूर्ववत् होत. कांहीं मात्र तरुणपणींच ढासळूं लागत आणि पूर्ववत् होत नसत. या दुसऱ्या गटाला त्यांनीं 'डिमेन्शिया प्रिकॉक्स', म्हणजे अकालीं येणारा बुद्धिनाश, हें नांव दिलें. १८९६ आणि १८९९ सालच्या त्यांच्या पाठ्यग्रंथाच्या आवृत्त्यांत ही विभागणी स्थिर झाली. कार्डाची पद्धत साधी होती. तरी अनेक रोग्यांविषयीं तेच ते प्रश्न विचारावे आणि उत्तरें लिहून ठेवावीं, या आजच्या संशोधनाच्या मूळ नियमाचें बीज तींत आहे. तींतील दोषही उघड होता. अखेरीवरून निदान करावयाचें तर निदान करतांनाच माणसाची आशा संपते.

तो दोष झ्यूरिचच्या ऑयगेन ब्लॉयलर (१८५७–१९३९) यांना खटकला. बुर्गहोल्झ्ली या प्रसिद्ध रुग्णालयाचे प्रमुख होण्यापूर्वीं, १८८६ पासून १८९८ पर्यंत, ते ऱ्हाइन नदीवरील राइनाऊ येथील इस्पितळांत रोग्यांच्या सहवासांतच राहिले होते. सर्वच रोगी ढासळत नाहींत, कित्येक सुधारतात, हें त्यांनीं स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलें होतें. म्हणून एप्रिल १९०८ मध्यें बर्लिन येथील सभेंत त्यांनीं जुन्या नांवाऐवजीं 'स्किझोफ्रेनिया' हा शब्द सुचविला आणि १९११ सालीं त्यावर मोठा ग्रंथ लिहिला. दुभंगणें आणि मन अशा अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांचा हा जोड आहे. एका देहांत दोन माणसें नांदतात, असा त्याचा अर्थ लोकांत रूढ झाला. तो चुकीचा आहे. विचार, भावना आणि इच्छा यांचे एकमेकांशीं जुळलेले सांधे निखळतात, असें ब्लॉयलर यांना म्हणावयाचें होतें. मराठींतील 'छिन्नमनस्कता' हा शब्द त्याच अर्थानें घ्यावा.

ब्लॉयलर यांनीं लक्षणांत मूळ आणि आनुषंगिक असा भेद केला. नसलेले आवाज ऐकूं येणें, म्हणजे भास, आणि नसलेल्या गोष्टींवर अढळ विश्वास बसणें, म्हणजे भ्रम, हीं लोकांना प्रथम दिसणारीं लक्षणें त्यांनीं आनुषंगिक ठरविलीं. विचारांची विस्कटलेली सांगड, भावनेचा ओसरलेला ओलावा, एकाच वेळीं हवें आणि नको असें वाटणें, आपल्याच जगांत मिटून जाणें, हीं त्यांच्या मतें मूळ लक्षणें होतीं. विचार खोल होता. पण मोजमापाच्या दृष्टीनें त्यांतून एक अडचण उभी राहिली. विचारांची सांगड किती विस्कटली म्हणजे आजार म्हणावयाचा? अबोल माणूस कोणता आणि आजारी कोणता? ही रेघ ज्यानें त्यानें आपल्या मनाप्रमाणें ओढावी, अशी स्थिति झाली. याच्या उलट टोकाला कुर्ट श्नायडर (१८८७–१९६७) यांनीं १९३९ च्या सुमारास एक अगदीं ठोस यादी दिली. आपलेच विचार मोठ्यानें ऐकूं येणें. दोन आवाजांनीं आपल्याविषयीं आपसांत बोलणें. आपण करतों त्या प्रत्येक कृतीवर आवाजानें टीका करणें. कोणी आपल्या डोक्यांत विचार घालतो अथवा काढून घेतो असें वाटणें. अशीं लक्षणें सरळ प्रश्न विचारून ताडतां येतात, म्हणून तीं संशोधकांना सोयीचीं वाटलीं. हीच लक्षणें उन्मादाच्या रोग्यांतही आढळतात, हें पुढें दिसून आलें. तरी प्रश्न नेमका असावा हा धडा टिकला.

१९५२ सालापर्यंत हा वाद मुख्यतः ग्रंथांतला होता. त्या वर्षीं पॅरिसच्या सेंत-आन रुग्णालयांत झां दले आणि पिएर देनिकेर यांनीं क्लोरप्रोमझिन या औषधाचा अनुभव प्रसिद्ध केला आणि सारें चित्र पालटलें. ज्यांच्यापुढें वर्षानुवर्षें उपाय चालत नव्हता, असे रोगी शांत होऊं लागले, बोलूं लागले. पाठोपाठ दुसरीं, तिसरीं औषधें आलीं. आतां "रोगी सुधारला" असें कागदावर लिहून भागेना. किती सुधारला? या औषधानें जास्त कीं त्या औषधानें? आणि नुसती रिकामी गोळी दिली असती तर किती सुधारला असता? या प्रश्नांना आंकड्यांत उत्तर हवें होतें. १९६२ सालीं अमेरिकेंत ओव्हरॉल आणि गोरहॅम यांनीं एक आटोपशीर श्रेणी प्रसिद्ध केली. तींत प्रथम १६ आणि पुढें १८ बाबी होत्या. चिंता, संशय, भास, भावनेचा थंडपणा अशा प्रत्येक बाबीला थोडक्या वेळाच्या मुलाखतीनंतर १ पासून ७ पर्यंत गुण द्यावयाचे. लक्षण मुळींच नसेल तर १, अत्यंत तीव्र असेल तर ७. शाळेंतील परीक्षेशीं याचें साम्य आहे; फरक इतकाच कीं येथें गुण जितके अधिक तितकी स्थिति वाईट.

परीक्षेशीं साम्य आलें तसा परीक्षेचा जुना रोगही आला. एकच उत्तरपत्रिका दोन परीक्षकांकडे पाठविली तर दोघांचे गुण जुळतात काय? शाळेंत फरक पडला तर फार तर एका मुलाचें एक वर्ष जातें. रुग्णालयांत तो पडला तर काय होतें, हें अटलांटिक महासागराच्या दोन तीरांवरील दोन शहरांनीं दाखवून दिलें.

न्यूयॉर्कच्या रुग्णालयांत दाखल होणाऱ्या रोग्यांपैकीं छिन्नमनस्क ठरणाऱ्यांचें प्रमाण लंडनपेक्षां कितीतरी अधिक असे. उलट लंडनच्या डॉक्टरांना भावनेचे विकार, म्हणजे खिन्नता आणि उन्माद, अधिक दिसत. अमेरिकेची हवा वाईट कीं तेथील जीवनाची धांवपळ? अनेक तर्क लढविले गेले. अखेर १९६० नंतरच्या दशकांत दोन्ही देशांच्या संशोधकांनीं एकत्र येऊन न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथील एक आणि लंडनच्या परिसरांतील नेदर्न हें एक, अशीं दोन रुग्णालयें निवडलीं. प्रत्येक ठिकाणीं ओळीनें दाखल झालेले २५० रोगी घेतले आणि एकाच पद्धतीच्या ठराविक प्रश्नांनीं त्यांना तपासलें. रुग्णालयांनीं केलेल्या निदानांत पूर्वींसारखीच मोठी तफावत होती. परंतु संशोधकांनीं एकाच कसोटीनें केलेल्या निदानांत ती तफावत बहुतेक नाहींशी झाली. १९७२ सालीं हा वृत्तांत ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाला. रोगी वेगळे नव्हते. ऐकणारे कान वेगळे होते.

याच प्रयत्नाचा एक भाग म्हणून रोग्यांच्या मुलाखतींच्या चित्रफिती दोन्ही देशांतील शेकडों डॉक्टरांना दाखविण्यांत आल्या आणि १९७१ सालीं त्यांचे निष्कर्ष छापून आले. एका रोग्याला शेंकडा ६९ अमेरिकन डॉक्टरांनीं छिन्नमनस्क ठरविलें; तीच फीत पाहून तसें म्हणणारे ब्रिटिश डॉक्टर शेंकडा २ होते. याचा अर्थ नीट लक्षांत घेतला पाहिजे. उन्माद आणि खिन्नता यांच्या आलटून-पालटून येणाऱ्या विकाराला लिथियम हें गुणकारी औषध त्याच सुमारास मान्यता पावत होतें. अमेरिकेंत त्याला १९७० सालीं परवानगी मिळाली. ज्याला लिथियम द्यावयाचें त्याला चुकीचें नांव चिकटलें तर तें औषध त्याला मिळणारच नाहीं. माणसाचें दैव त्याच्या दुखण्यावर नव्हे, तर तो कोणत्या शहरांत आजारी पडला यावर ठरत होतें.

दोन परीक्षकांचें एकमत मोजावें कसें, हाही प्रश्न त्याच काळांत सुटला. समजा, शंभर उत्तरपत्रिका आहेत आणि दोन्ही परीक्षक डोळे मिटून शंभरांतील ९० मुलांना उत्तीर्ण करतात. तरीही सुमारें ८२ पत्रिकांवर दोघांचें एकमत होईल. त्यांत दोघांची पारख मुळींच नाहीं, केवळ योगायोग आहे. म्हणून खरें एकमत ९१ पत्रिकांवर झालें, तर त्यांतून हे ८२ वजा करावयाचे, उरले ९. योगायोगापलीकडे एकमत होण्यास जागा होती १८ ची. म्हणजे परीक्षकांची खरी कमाई निम्मीच. जेकब कोहेन या मानसशास्त्रज्ञांनीं १९६० सालीं हा हिशेब मांडला आणि 'कॅपा' या ग्रीक अक्षराच्या नांवानें तो आज जगभर वापरला जातो. शेंकडा ९१ एकमत ऐकून हुरळून जाऊं नये, हा त्याचा बोध.

लंडनमध्यें जॉन विंग आणि त्यांचे सहकारी यांनीं या काळांत 'वर्तमान स्थितीची परीक्षा' या नांवाची मुलाखतपद्धति घडविली. तींत प्रश्न ठरलेले असत. पण उत्तर मोघम आलें तर डॉक्टरानें आणखी खोदून विचारावें आणि प्रत्येक लक्षणाची व्याख्या जवळच्या टिपणांत पाहून मगच गुण द्यावे, असा दंडक होता. १९७४ सालच्या तिच्या नवव्या आवृत्तींत १४० बाबी होत्या. जागतिक आरोग्य संघटनेनें हीच पद्धति हातीं घेऊन एक मोठें साहस केलें. डेन्मार्कमधील आर्हूस, कोलंबियांतील काली, नायजेरियांतील इबादान, लंडन, मॉस्को, प्राग, तैपेई, वॉशिंग्टन आणि आपल्याकडील आग्रा, अशीं नऊ केंद्रें तिनें निवडलीं आणि एकंदर १२०२ रोग्यांची परीक्षा केली. १९७३ सालीं त्याचा पहिला वृत्तांत निघाला.

आग्र्याच्या केंद्राची धुरा तेथील मानसिक रुग्णालयाचे डॉ. के. सी. दुबे यांनीं वाहिली. लंडनमध्यें रचलेला प्रश्न आग्र्याच्या रोग्याला हिंदींत विचारावयाचा होता. शब्दास शब्द ठेवून हें काम होत नाहीं, हें भाषांतर करणारा कोणीही सांगेल. "तुमचे विचार कोणी काढून घेतो काय?" हा प्रश्न एका भाषेंत आजाराचें लक्षण शोधतो, तर दुसऱ्या भाषेंत साध्या विसरभोळेपणाविषयींचा वाटतो. देवीचा संचार मानणाऱ्या समाजांत "दुसरी शक्ति तुमच्या अंगांत येते काय?" याला 'होय' असें उत्तर देणारा निरोगीही असूं शकतो. म्हणून भाषांतरें केलीं, तीं उलट इंग्रजींत आणून ताडलीं आणि निरनिराळ्या केंद्रांतील डॉक्टरांनीं एकमेकांच्या मुलाखतींना गुण देऊन आपले कान जुळवून घेतले.

या परिश्रमाचें फळ दुहेरी होतें. एक तर, सर्व नऊ ठिकाणीं हा आजार ओळखतां आला. तो कोणा एका देशाची अथवा संस्कृतीची निर्मिति नाहीं, हें दिसलें. दुसरें फळ अनपेक्षित होतें. दोन वर्षांनीं त्याच रोग्यांना पुन्हां भेटल्यावर आग्रा, काली आणि इबादान येथील रोग्यांची स्थिति श्रीमंत देशांतील रोग्यांपेक्षां एकंदरींत बरी आढळली. १९७९ सालच्या वृत्तांतांत तें नमूद आहे. कुटुंबाचा आधार, शेतीवाडींत मिळणारें हलकें काम, अशीं कारणें सुचविलीं गेलीं. पुढें या निष्कर्षावर आक्षेपही आले. गरीब देशांत दगावलेल्या, भटकणाऱ्या आणि उपचारांपर्यंत न पोंचलेल्या रोग्यांचा हिशेब पुरता झाला काय, असें टीकाकारांनीं विचारलें. वाद आजही मिटलेला नाहीं. पण तो वाद आंकड्यांच्या आधारानें करतां येतो, हेंच त्या प्रयत्नाचें श्रेय.

इतकें होऊनही मोजपट्टीची एक बाजू बोथटच राहिली होती. औषधानें आवाज थांबत, संशय ओसरे. तरीही कित्येक रोगी भिंतीकडे तोंड करून बसून राहत. पाहुणे आले तरी बाहेर येत नसत, आवडीचें गाणें लागलें तरी मान हलत नसे. हें औषधाचें ओझें, कीं आजाराचीच दुसरी बाजू? १९८० सालीं इंग्लंडमधील टिमोथी क्रो यांनीं या दोन बाजू वेगळ्या मांडल्या. भास, भ्रम यांसारखीं लक्षणें म्हणजे नको त्या गोष्टींची भर. तीं धन लक्षणें. बोलणें, उत्साह, जिव्हाळा आटणें म्हणजे असावयास हवें त्याची तूट. तीं ऋण लक्षणें. धन म्हणजे चांगलें नव्हे. गणितांतील अधिक आणि उणें या चिन्हांसारखा हा भेद आहे. नसलेली वस्तु मोजणें असलेली मोजण्यापेक्षां कठीण. तें काम आयोवा विद्यापीठांतील नॅन्सी आंद्रेआसेन यांनीं अंगावर घेतलें. वैद्यक शिकण्यापूर्वीं त्या इंग्रजी वाङ्मयाच्या अध्यापिका होत्या आणि जॉन डन या कवीवर त्यांनीं ग्रंथ लिहिला होता. शब्दांतील बारीक छटा ओळखण्याची ती संवय येथें उपयोगी पडली असावी. चेहऱ्यावरची हालचाल किती, आवाजांतील चढउतार किती, उत्तर देण्यापूर्वीं रोगी किती थांबतो, अंगावरच्या कपड्यांकडे त्याचें लक्ष आहे काय, असे पाहतां येण्याजोगे खुणेचे मुद्दे ठरवून त्यांनीं १९८० नंतरच्या दशकाच्या पूर्वार्धांत ऋण आणि धन लक्षणांसाठीं दोन वेगळ्या श्रेणी तयार केल्या.

या सर्व धाग्यांचा गोफ १९८७ सालीं न्यूयॉर्कमध्यें विणला गेला. स्टॅन्ली के, अब्राहम फिझ्बाइन आणि लुइस ऑप्लर यांनीं ३० बाबींची श्रेणी प्रसिद्ध केली. तींत ७ धन लक्षणांच्या, ७ ऋण लक्षणांच्या आणि १६ सर्वसाधारण मनःस्थितीच्या. प्रत्येक बाबीला १ ते ७ गुण. तीसचाळीस मिनिटांची मुलाखत आणि घरच्या माणसांची अथवा परिचारिकांची माहिती यांवरून गेल्या आठवड्याची स्थिति ठरवावयाची. 'पॅन्स' या लघुनामानें ती ओळखली जाते आणि या आजारावरील औषधांच्या चांचणींत आजही ती मुख्य कसोटी आहे.

या श्रेणींत एक अंकगणिती सांपळा आहे. प्रत्येक बाबीचा कमींतकमी गुण १. म्हणून ज्याला एकही लक्षण नाहीं त्याचेही गुण ३० होतात. एखाद्या रोग्याचे गुण १२० वरून ७५ वर आले. घाईनें हिशेब करणारा म्हणेल, १२० मधून ४५ गेले, म्हणजे सुधारणा शेंकडा साडेसदतीस. पण १२० पैकीं ३० तर कधींच जाणारे नव्हते. खरी बेरीज ९०. तींतून ४५ गेले, म्हणजे सुधारणा शेंकडा ५०. औषधाच्या चांचणींत "निम्मी सुधारणा झालेले रोगी किती" असें मोजावयाचें ठरलें असेल, तर या एका वजाबाकीनें एखादा रोगी यशस्वी अथवा अयशस्वी ठरतो. अशी चूक छापील निबंधांतूनही होत आल्याचें संशोधकांनींच दाखवून दिलें आहे.

दुसरा सांपळा भाषेचा. अमूर्त विचार करण्याची शक्ति पाहण्यासाठीं या मुलाखतींत म्हणींचे अर्थ विचारतात. आपल्याकडे "नाचतां येईना अंगण वाकडें" म्हणजे काय, असें विचारलें आणि कोणी "अंगण सपाट करून घ्यावें" असें उत्तर दिलें, तर शब्दापलीकडचा अर्थ त्याला उमगला नाहीं असें मानतील. पण ज्याचें लहानपण म्हणींच्या सहवासांत गेलें नाहीं, जो दोन इयत्ता शिकून कामाला लागला, अथवा ज्याची घरची बोली वेगळी आहे, त्याचाही अर्थ चुकेल. तेव्हां गुण आजाराला मिळाले कीं शिक्षणाच्या अभावाला, हें परीक्षकानें ओळखलें पाहिजे. इंग्रजी म्हणीचें शब्दशः भाषांतर करून विचारणें तर निव्वळ अन्याय होय.

तिसरा सांपळा मनुष्यस्वभावाचा. चांचणींत घेण्यासाठीं रोग्याचे गुण अमुक आंकड्यावर हवेत असा नियम असतो. जागा भरावयाच्या असतात, रोग्याला नव्या औषधाचा लाभ व्हावा अशी सदिच्छाही असते. मग सीमेवरच्या रोग्याला एखाददुसरा गुण नकळत वाढवून दिला जातो. उपचार सुरू झाल्यावर तोच फुगवटा आपोआप ओसरतो आणि रिकाम्या गोळीनेंही सुधारणा झाली असें दिसतें. म्हणून आतां परीक्षकांना चित्रफितींवरून शिक्षण देतात, त्यांचे गुण जाणत्यांच्या गुणांशीं ताडतात, आणि कांहीं चांचण्यांत तर दूर बसलेला, रोगी कितव्या आठवड्यांत आहे हें ठाऊक नसलेला परीक्षक दृश्य-संभाषणानें मुलाखत घेतो. उत्तरपत्रिकेवरील नांव झांकण्याचाच हा प्रकार.

हें सारें किती निकडीचें आहे, तें अगदीं अलीकडच्या उदाहरणावरून कळेल. क्लोरप्रोमझिनपासून आजवरचीं बहुतेक औषधें मेंदूंतील डोपामिन या द्रव्याच्या मार्गावर काम करीत आलीं. झॅनोमेलिन आणि ट्रॉस्पियम यांचें मिश्रण निराळ्या मार्गानें जातें आणि अमेरिकेंत त्याला सप्टेंबर २०२४ मध्यें मान्यता मिळाली. त्याच्या एका मुख्य चांचणींत पांच आठवड्यांनीं औषध घेणाऱ्यांचे 'पॅन्स' गुण सरासरीनें २१.२ नीं उतरले. रिकामी गोळी घेणाऱ्यांचेही ११.६ नीं उतरले. औषधाची कमाई ती या दोहोंतील फरकाची, ९.६ गुणांची. परीक्षकांच्या कानांत थोडी तफावत असती तर एवढा फरक गोंगाटांत बुडून गेला असता, किंवा नसलेला फरक दिसला असता. एका नव्या औषधाचा दरवाजा उघडला तो १९८७ सालच्या ३० बाबींच्या किल्लीनें.

सुधारणा किती झाली यापुढचा प्रश्न, रोगी बरा झाला असें कधीं म्हणावें? २००५ सालीं आंद्रेआसेन आणि इतर तज्ज्ञांनीं त्याचें एक उत्तर सुचविलें: ३० पैकीं आठ निवडक बाबींत गुण ३ किंवा त्याहून कमी असावे आणि ही स्थिति सहा महिने टिकावी. लक्षण पूर्णपणें नाहींसें व्हावें असा आग्रह नाहीं. तें इतकें सौम्य व्हावें कीं त्यानें जगण्यांत अडथळा येऊं नये. क्रेपेलिन यांच्या काळीं निदान म्हणजेच अखेरचा निकाल होता. शंभर वर्षांनंतर त्याच आजाराच्या शास्त्रांत सुधारणेचीही व्याख्या लिहिली गेली, ही गोष्ट लहान नव्हे.

तथापि, सहा महिने गुण उतरलेला मनुष्य सुखी आहे काय, हें या श्रेणी सांगत नाहींत. तो नोकरीवर जातो काय, त्याला एखादा मित्र आहे काय, औषधानें वाढलेल्या वजनाची त्याला लाज वाटते काय, या गोष्टी तीस बाबींत नीट मावत नाहींत. त्यांसाठीं निराळ्या प्रश्नावल्या पुढें करण्यांत आल्या आणि रोग्याचें स्वतःचें मत विचारण्याची प्रथाही हळूहळू रुजत आहे. २००४ सालीं आलेल्या 'देवराई' या मराठी चित्रपटांत या आजारानें ग्रासलेला भाऊ आणि त्याला सांभाळणारी बहीण दाखविली आहेत. अशा बहिणीला गुणांचा तक्ता ठाऊक नसतो. पण भाऊ आज पंगतीला येऊन बसला, त्यानें आपण होऊन पाऊस कधीं येणार असें विचारलें, हें तिच्या ध्यानांत राहतें.

आणि नेमकें तेंच श्रेणीलाही हवें असतें. माणसांत मिसळणें, घरांतील वागणूक, राग आवरणें यांविषयींचे गुण रोग्याच्या तोंडच्या उत्तरावरून देतां येत नाहींत. घरच्यांना विचारूनच द्यावयाचे असतात. डॉक्टरांच्या खोलींत "आतां बरें आहे हो" असें म्हणून विषय मिटविणारी आई, लोकलज्जेनें रात्रींची आरडाओरड लपविणारा भाऊ, अथवा लवकर गुण यावा म्हणून दुखणें वाढवून सांगणारे वडील, हे सारे नकळत त्या तक्त्यांतील आंकडे बदलीत असतात. रोग्याचा गेला आठवडा जसा गेला तसा, तारीखवार, न वाढवितां आणि न लपवितां सांगणारें एक माणूस घरांत असेल, तर या अदृश्य दुखण्याच्या मोजमापांतला अर्धा दोष तेथेंच निघून जाईल. क्रेपेलिन यांनीं कार्डावर जें लिहून ठेवण्यास आरंभ केला, तें लिहिण्याचें काम अजून संपलेलें नाहीं आणि त्याचा पुष्कळसा भाग घरांतच करावा लागतो.